पाठ केलेले ‘स्वमत’

शाळांच्या घंटा पुन्हा वाजू लागल्या. गावोगावच्या हायस्कुलांत नवी आठवी बाकांवर येऊन बसली. कुठे लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आला, कुठे भिंती रंगल्या, कुठे आमदार निधीतून दोन खोल्या वाढल्या. याच्या बातम्या येतात, फोटो येतात, आणि ते यावेतही. पण एक बातमी कधीच येत नाही. मास्तर वर्गात शिरले, दार लोटले गेले, त्यानंतरच्या पस्तीस मिनिटांत त्या खोलीत बोलले कोण?

प्रश्न साधा वाटतो, पण गावच्या शिक्षणाचे सगळे दुखणे त्यात आहे. ‘विद्यार्थीकेंद्रित शिक्षण’ हा शब्द आता शाळेच्या शिपायालाही पाठ झाला असेल. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तो आला. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात आला. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात पुन्हा आला. प्रत्येक परिपत्रकात येतो, प्रत्येक प्रशिक्षणात येतो. परिपत्रकातून तो फळ्यापर्यंत किती पोचला, हे पाहायला मात्र कुणी जात नाही.

कोणत्याही हायस्कुलाच्या व्हरांड्यातून सावकाश चालत जा. जवळपास प्रत्येक खोलीतून एकच आवाज ऐकू येईल, शिक्षकांचा. मधूनमधून साठ मुलांचा एक सूर येतो. “म्हणजे पाण्याचे काय होते? बाष्पी…” आणि वर्ग ओरडतो, “भवन!” शेवटी ठरलेला प्रश्न, “समजलं का?” आणि ठरलेले उत्तर, “हो सऽऽर!” साठजण एकदम ‘हो’ म्हणतात तेव्हा त्यातल्या कितीजणांना कळले हे देवालाही सांगता यायचे नाही. उरलेले दोन-चार खरे प्रश्न पुढच्या दोन बाकांना विचारले जातात, आणि उत्तरेही तिथूनच येतात. मागच्या बाकावरचा मुलगा आठवीत येतो, दहावीतून जातो, आणि तीन वर्षांत त्याने आपल्या मनाने उच्चारलेले एकही पूर्ण वाक्य वर्गाने ऐकलेले नसते. आपला नंबर आला की ‘हजर’ म्हणणे, एवढेच त्याचे बोलणे.

हे काही आजचे नाही आणि आपल्याच मुलखातले नाही. फ्लँडर्स नावाच्या अमेरिकन संशोधकाने काही दशकांपूर्वी वर्गातल्या बोलण्याची चक्क मोजदाद केली. दर तीन सेकंदांनी नोंद करायची, कोण बोलतो आणि काय करतो. नोंदीचे दहा रकाने, त्यातले सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्याच्या आणि एक शांततेचा किंवा गोंधळाचा. त्यातून त्याने जो ठोकताळा काढला तो ‘दोन तृतीयांशाचा नियम’ म्हणून ओळखला जातो. तासाचा दोन तृतीयांश वेळ कुणीतरी बोलत असते, त्यातला दोन तृतीयांश वेळ शिक्षक बोलतात, आणि त्यातला पुन्हा दोन तृतीयांश वेळ सांगणे, सूचना देणे, रागावणे यात जातो. बी.एड. करणाऱ्याला हा फ्लँडर्स पाठ असतो. परीक्षेत त्याच्यावर टीप लिहून तो मार्क मिळवतो आणि नोकरीला लागल्यावर तोच नियम इमानेइतबारे पाळतो!

आता साधा हिशेब मांडू. तास पस्तीस मिनिटांचा आणि पट साठाचा. शिक्षक एक शब्दही बोलले नाहीत तरी प्रत्येक मुलाच्या वाट्याला पस्तीस सेकंद येतात. त्यातून हजेरी, फळा पुसणे, कालचा गृहपाठ आणि खुद्द शिकवणे वजा करा. बाकी काय उरते? म्हणून ‘प्रत्येक मुलाला बोलते करा’ असे परिपत्रक काढणे सोपे आहे, पण साठ मुलांना एकामागून एक उभे करून ते साधणार नाही. त्याला दुसरा रस्ता काढावा लागेल. त्याकडे पुढे येऊच.

या गोष्टीला आणखी एक पदर आहे, तो खास आपल्या खेड्यातला. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुष्कळ काही बदलले. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये मुले जमिनीवर गोल करून बसली, फरशीवर आकडे आणि अक्षरे रंगली, चिंचोके-खडे-काड्या घेऊन बेरजा होऊ लागल्या. गुरुजी फळा सोडून मुलांत येऊन बसले. ते बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या तिथे गेल्या. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर हे वारे बऱ्याच शाळांत पोचले. सगळीकडे सारखे रुजले असे नाही. काही ठिकाणी नुसत्या फरश्याच रंगल्या. पण जिथे रुजले तिथली चौथीतली पोर पाहुण्यालाही न घाबरता विचारते, “तुम्ही कुठल्या गावचे?”

हीच पोर आठवीला शेजारच्या गावच्या हायस्कुलात जाते. एस.टी.चा पास काढते, नवा गणवेश घालते आणि एकामागे एक लावलेल्या बाकांतल्या एका बाकावर बसते. तिथे गुरुजींचे ‘सर’ होतात. आठ तासांना आठ सर. एकालाही तिचे नाव महिनाभर माहीत नसते. शेजारी दुसऱ्या गावची मुले, त्यात मुले एका बाजूला आणि मुली एका बाजूला. वय असे की चूक झाली तर हसे होईल, याची धास्ती सगळ्यात मोठी. पहिल्या आठवड्यातच तिला कळून चुकते की इथे गप्प बसणारी मुलगी ‘शिस्तीची’ ठरते. चार वर्षे गुरुजींनी उघडलेले तोंड असे चार दिवसांत मिटते.

कायदासुद्धा नेमका इथेच हात सोडतो. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ सांगते की मूल भीती आणि दडपणापासून मुक्त असावे, आणि आपली मते मोकळेपणाने मांडायला त्याला मदत व्हावी. कलम १७ ने अंगावर हात टाकायला आणि मानसिक छळाला बंदी घातली. पण कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा, म्हणजे पहिली ते आठवीचा. मत फुटण्याचे खरे वय नववी-दहावीचे, आणि तिथे तो कायदा संपतो. जणू पंधराव्या वर्षी मुलाने मत मांडायची गरजच उरली नाही!

मग मुले मत मांडतात कुठे? परीक्षेच्या पेपरात. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली ‘स्वमत’ नावाचा प्रश्न असतो. उतारा वाचून तुम्हाला काय वाटले ते तुमच्या शब्दांत लिहा, असा त्याचा अर्थ. प्रश्न काढणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. घोकंपट्टी मोडावी आणि पोरांनी विचार करावा यासाठीच कृतिपत्रिका आली. पण वर्षभर ज्याला वर्गात ‘तुला काय वाटतं?’ असे कुणी विचारलेच नाही, तो परीक्षेत अचानक स्वतःचे मत कुठून आणणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून बाजाराने सोय केली. गाईडात ‘स्वमत’ छापून मिळते. आदल्या रात्री मुले ते पाठ करतात आणि पेपरात उतरवतात. एकाच गाईडमधले ‘माझे मत’ शेकडो मुलांचे असते. दुसऱ्याने लिहिलेले आपले मत पाठ करून मार्क मिळवायचे, याहून मोठी शिक्षणाची थट्टा कोणती?

तीच गत तोंडी परीक्षेची. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत वीस मार्क मंडळाने मार्च २०१९ च्या परीक्षेला काढून टाकले. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. राज्यभर ओरड झाली, समिती बसली, मार्क परत आले, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. याचे सगळे माप त्या वीस मार्कांच्या पदरात घालता येणार नाही. २०१९ ला पेपरचे स्वरूपच नवे होते, आणि २०२० ला कोरोनामुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही. पण त्या गदारोळात कुणी एक साधा प्रश्न विचारला नाही. हे मार्क मुलाने बोलावे, ऐकावे, सांगावे म्हणून आहेत. मग ज्या शाळांत मूल वर्षभर बोललेच नाही तिथे ते कशाचे दिले? मार्क असावेत की नसावेत यावर सगळे भांडले. मूल बोलते की नाही यावर कुणीच नाही.

इथवर वाचून सगळे खापर मास्तरांच्या डोक्यावर फोडायचे असे कुणाला वाटेल. तसे करणे अन्यायाचे होईल. हायस्कूलच्या शिक्षकाच्या मागे पोर्शनचा ससेमिरा असतो. निकाल घसरला की संस्थेचे पत्र येते, पट घसरला की संचमान्यतेत पद जाते. मे महिन्यात मुले गोळा करायला वाड्या-वस्त्या तुडवायच्या त्यानेच. निवडणूक त्याच्याकडे, सर्वेक्षण त्याच्याकडे, ऑनलाइन माहिती भरायची ती त्यानेच. कुठे गणिताची जागा रिकामी म्हणून भूगोलवाले सर गणित घेतात. स्वतःलाच ज्या विषयाची धास्ती आहे त्यात ‘प्रश्न विचारा रे’ असे मुलांना म्हणायची छाती कुणाची होणार? विनाअनुदानित शाळेवर पगाराची वाट पाहत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाकडून रोज नवा उत्साह मागणाऱ्याने आधी त्याच्या घरची चूल पाहावी. आणि ज्या पद्धतीने तो स्वतः शिकला तीच त्याच्या हाताला बसलेली आहे. मुलांना बोलू दिले तर वर्ग हातातून जाईल, हेडमास्तर म्हणतील ‘गोंधळ कसला चाललाय’, ही भीती खोटी नाही. शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग, हे आपणच गावकऱ्यांनी ठरवून ठेवले आहे.

तरीही काही गोष्टी अशा आहेत की ज्यांना ना निधी लागतो ना परिपत्रक.

पहिली गोष्ट थांबण्याची. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांवर बसून पाहिले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. हेच थांबणे तीन सेकंदांवर नेले तर उत्तरे लांब होतात, जास्त मुले बोलतात, एरवी गप्प राहणारीही बोलतात. तीन सेकंद! मनात ‘एक, दोन, तीन’ म्हणण्याइतका वेळ. मूल विचार करीत असते, आणि आपण त्याच्या तोंडचा घास काढून घेतो.

दुसरी गोष्ट उत्तर आल्यावर काय करायचे याची. समजा, विज्ञानाच्या तासाला सरांनी विचारले, “पिकाला पाणी संध्याकाळनंतर का द्यावे?” पुस्तकातले उत्तर, बाष्पीभवन कमी होते. मागून एखादा पोरगा म्हणतो, “सर, लाइट रातचीच असती म्हनून.” वर्ग हसतो. आता सरांच्या हातात दोन रस्ते आहेत. ‘बस खाली, आगाऊ’ म्हटले की तो पोरगा त्या वर्षात पुन्हा तोंड उघडणार नाही, आणि त्याच्यासोबत दुसरे दहाजण उघडणार नाहीत. पण सर जर म्हणाले, “बरोबर. मग दिवसा लाइट मिळाली तर तुझे वडील कधी पाणी देतील? का?” तर पाच मिनिटांत त्याच पोराच्या तोंडून ऊन, वारा, वाफसा, बाष्पीभवन सगळे निघेल. ज्या गावात थ्री फेज लाइट रात्री येते तिथे त्या पोराने सांगितले ते खोटे नव्हतेच. पुस्तकातल्या उत्तराला ते रानातून येऊन मिळाले होते. विद्यार्थीकेंद्रित वर्ग म्हणतात तो हा. त्याला प्रोजेक्टर लागत नाही.

तिसरी गोष्ट बोलीची. वरच्या उदाहरणात वर्ग हसला तो उत्तराला जेवढा हसला त्याहून जास्त ‘रातची’ आणि ‘म्हनून’ला हसला. अहिराणी असो, वऱ्हाडी असो, मालवणी असो की डोंगरातली भिल्ली असो, घरची भाषा तोंडात घेऊनच मूल शाळेत येते. ते विचार सांगत असताना मध्येच ‘न’चा ‘ण’ करायला गेलो तर ‘ण’ येतो की नाही कोण जाणे, विचार मात्र नक्की जातो. प्रमाण भाषा शिकवायलाच हवी, तिच्यावाचून पुढे अडते. पण आधी पोराचे ऐकून घ्या, मग फळ्यावर त्याचेच वाक्य प्रमाण भाषेत लिहा. आपले वाक्य फळ्यावर चढले हे पाहून त्याची मान वर होईल.

चौथी गोष्ट साठाच्या पटाची. साठांनी एकेक करून बोलणे शक्य नाही हे आपण पाहिले. पण शेजारच्या दोघांनी आपसात दोन मिनिटे बोलणे शक्य आहे. प्रश्न विचारायचा, “शेजाऱ्याशी बोला” म्हणायचे, सरांनी बाकांमधून फिरायचे आणि मग चार-पाच बाकांकडून ऐकायचे. दोन मिनिटांत साठच्या साठ तोंडे उघडतात. चारचौघांत न बोलणारी मुलगी शेजारणीपाशी बोलते. तिथे तिचे उत्तर पक्के झाले की एखाद्या दिवशी उभी राहूनही सांगते. त्या दोन मिनिटांत गलका होईल. होऊ द्यावा. पेरणीच्या दिवशी रान शांत नसते.

हे पुस्तकी बोलणे आहे, खेड्यात चालत नाही, असे कुणी म्हणेल. त्याने शेजारच्या मध्य प्रदेशाकडे पाहावे. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान नव्या रीतीने शिकवायला सुरुवात झाली. खेड्यातल्या साध्या शाळा, साधे शिक्षक. चार-चार मुलांच्या टोळ्या करून प्रयोग व्हायचे, मुले निरीक्षण लिहायची आणि मग सगळा वर्ग मिळून त्यावर चर्चा करायचा. शिक्षकाचे काम उत्तर सांगण्याचे नव्हते, चर्चा पुढे नेण्याचे होते. प्रश्न पडला तर ‘सवालीराम’ नावाच्या मानलेल्या माणसाला मुले पत्र लिहायची. विशेष म्हणजे तिथे परीक्षाही बदलली. पुस्तक उघडे ठेवून पेपर लिहायचा आणि प्रयोग करून दाखवायचा. पाठ करण्यात फायदाच उरला नाही, म्हणून पाठांतर सुटले. हा कार्यक्रम वाढत वाढत सुमारे हजार शाळांत गेला आणि तीस वर्षे चालला. २००२ साली तिथल्या सरकारने तो बंद केला ही दुःखाची गोष्ट. पण खेड्यातली मुले आणि खेड्यातले मास्तर हे करू शकतात, याचा पुरावा तीस वर्षांचा आहे. आणि परीक्षा ज्याला मार्क देते तेच वर्गात घडते, हा त्यातला धडा आपल्या मंडळानेही घ्यावा असा आहे.

आमच्या सूचना म्हणून फार मोठ्या नाहीत. हेडमास्तर तासाला बसतात, लॉगबुक भरतात. त्यात ‘फलकलेखन चांगले, वर्ग शांत’ असा शेरा असतो. त्याखाली एक ओळ वाढवावी: आज किती मुले बोलली आणि त्यातल्या मुली किती? शिक्षण खात्याच्या तपासणीत टाचणवह्या पाहतात, तसा एक तास मागच्या बाकावर बसून पाहावा. संस्थाचालकांनी निकालाची टक्केवारी विचारताना आठवीत आलेले किती आणि दहावीला बसलेले किती हेही विचारावे. न कळणे आणि न विचारता येणे यातूनच शाळा सुटण्याची सुरुवात होते. यशपाल समितीने १९९३ सालीच सांगितले होते, की दप्तराच्या वजनापेक्षा न कळण्याचे ओझे जास्त वाईट. तोंडी परीक्षेचे मार्क एका दिवसात न वाटता वर्षभरातल्या बोलण्यावर द्यावेत. आणि पालकांनी घरी आलेल्या पोराला ‘आज काय शिकवलं?’ याच्या जोडीला ‘आज तू काय विचारलंस?’ असेही विचारून पाहावे. पहिले चार दिवस पोर तोंडाकडे बघत राहील. पाचव्या दिवशी विचारून येईल.

शेतीच्या आणि गावाच्या पानावर ही शाळेची कथा कशाला, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर गावातच आहे. आज जी पोरे नववीच्या वर्गात ‘समजलं का?’ला ‘हो सर’ म्हणत आहेत, तीच उद्या बियाण्याच्या दुकानात दुकानदार देईल ते औषध घेऊन येतील. बँकेत साहेब दाखवील तिथे सही करतील. पीकविमा का नाकारला, सातबाऱ्यावर ही नोंद कुणी लावली, हे तलाठ्याला विचारताना त्यांची जीभ जड होईल. ग्रामसभेत ‘मंजूर का?’ असा आवाज आला की सगळे एका सुरात ‘मंजूर’ म्हणतील. तो सूर ओळखीचा आहे. तो आपण हायस्कुलातच शिकवलेला असतो.

बोलणाऱ्याची बोरे विकतात आणि न बोलणाऱ्याचे आंबेही विकत नाहीत, असे आपल्याकडे म्हणतात. आपल्या खेड्यातल्या पोरांकडे आंबे आहेत. रानाचे, पाण्याचे, गुराढोरांचे, बाजाराचे जे त्यांना दिसते ते शहरातल्या कित्येकांना पुस्तक वाचूनही दिसत नाही. नाही ती फक्त उभे राहून सांगायची सवय. ती सवय लावायला नवी इमारत लागत नाही आणि नवा शासन निर्णयही लागत नाही. उद्याच्या पहिल्या तासाला एकच खरा प्रश्न विचारायचा, मागच्या बाकाकडे पाहायचे, आणि मनात तीनपर्यंत मोजायचे.